अठरा-चार-एक

जुन्या एमआयडीसीत, जालन्याला,
सळयांच्या कारखान्यांमागं नबीलालचाचांचं शेड.
एक लेथ, एक शेपर, एक ग्राइंडर,
दाराशी भंगाराचा ढीग,
त्यावर झोपणारी एक लंगडी मांजर.

आयटीआयचं सर्टिफिकेट पुढं केलं
तर त्यांनी ते वाचलंच नाही.
दिवा मालवला, शटर अर्धं ओढलं,
सळईचा तुकडा चाकाला लावला.
पांढऱ्या-पिवळ्या ठिणग्या उधळल्या,
टोकाटोकाला फुटल्या.
"हे साधं पोलाद. लई बोलतंय."
मग मोडक्या ड्रिलचं बूड लावलं.
ठिणग्या जेमतेम, आखूड, तांबूस,
विझत आलेल्या विडीसारख्या,
न फुटताच खाली पडलेल्या.
"अन् हे हायस्पीड. पोटात टंगस्टन हाय ह्याच्या.
बघायलीस का, कावेरी?
भंगारातून असं निवडायचं. डोळ्यानं."

अठरा टंगस्टन, चार क्रोमियम, एक व्हॅनेडियम.
चाचा हे आकडे
घरच्या पत्त्यासारखे सांगायचे.
मोलिब्डेनमवालं मागून आलं, स्वस्तही पडलं,
चाचा त्याला शेवटपर्यंत 'मोलीबदन' म्हणाले
आणि वापरलं मात्र निमूट.

साधं हत्यार तापून निळं पडतं,
निळं पडलं की मऊ,
मग दिवसभर धार लावत बसा.
हे अंधारात मंद लाल दिसू लागेपर्यंत
धार सोडत नाही.
त्याच्या तोंडून निघालेले शाफ्टचे छिलके
निळे-जांभळे होऊन वेटोळे घालायचे.
एक माझ्या मनगटावर पडला होता.
आईनं खूण बघितली, म्हणाली,
बांगडीखाली झाकेल.

एकदा घासून तापलेलं टूल
मी पाण्यात बुडवलं.
चुर्र झालं. मग बारीकसं टिक.
भिंगाखाली केसाएवढी चीर.
चाचा ओरडले नाहीत, ते बरं झालं असतं.
"बाराशे डिग्रीतून आलंय ते,
वितळलेल्या मिठाच्या भट्टीतून.
मग तीनदा तापवून तीनदा निवू दिलंय.
येवढ्या लोकांनी येवढा दम धरला,
अन् तुला च्याची सुट्टी दिसली."

पॉवर हॅकसॉचं तुटकं पातं फेकायचं नसतं.
त्याचा चाकू होतो.
अंबडचे दगडूबा मोसंबीचे डोळे बांधायला
तोच चाकू न्यायचे, दर दोन वर्षांनी एक,
आणि पैशांऐवजी पिशवीभर मोसंबी.
शेडमध्ये मग चार दिवस
कूलंटच्या वासात सालींचा वास.

आता मी नव्या एमआयडीसीत आहे.
दाराआड मशीन, काचेआड कटिंग,
सोनेरी कार्बाइडच्या टिपा, डबीत दहा-दहा.
वेगानं चालतात. मला आवडतात, खोटं कशाला बोलू.
पण परवा गुऱ्हाळाच्या चरकाचा शाफ्ट आला,
आत चावीची लांब खाच.
प्रत्येक फेऱ्याला खाच आली की ठोका,
ठोक्याला टिप गेली.
दुसरी लावली, तीही गेली.
सुपरवायझर बोबडेसाहेब कॅटलॉग चाळत बसले.

मी डब्याच्या पिशवीतून
चाचांचा तुकडा काढला.
चार इंचांचा होता, आता सव्वा उरलाय,
होल्डरमध्ये खाली पत्र्याच्या पट्ट्या द्याव्या लागतात.
कोपऱ्यातल्या जुन्या लेथवर शाफ्ट चढवला,
वेग चौथाईवर आणला, तेल सोडलं.
टक. टक. टक. टक.
धक्का खात होता, कापत होता.
जेवणाची शिट्टी झाली तरी कुणी हललं नाही.

"कुठल्या कंपनीचा?" साहेबांनी विचारलं.
शिक्का धार लावता लावता
कधीच घासून गेला होता.
म्हटलं, माहीत नाही,
पण अठरा-चार-एक आहे.
"कशावरून?"

संध्याकाळी सगळे बसला गेल्यावर
ग्राइंडर चालू केला.
आधी दिवा मालवला.